उभ्या पिकातली वाट

दसरा उलटला की मला रोह्यात करमेनासं होतं. बायकांना माहेरची ओढ श्रावणात लागते म्हणतात. माझी जरा उशिरा लागते, भात पिवळं पडलं की. सकाळी ओट्यावर उभी राहिले की कोलाडकडच्या शेतांतून कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडूस, थोडा धुळकट वास येतो, आणि मी नवऱ्याला सांगते, चार दिवस पेणला जाऊन येते. ते कंपनीत शिफ्टला जायचे तेव्हा डबा कोण करणार म्हणून कुरकुरायचे. आता निवृत्त झालेत, चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून घेतात, पण कुरकुर तशीच आहे.

तो वास नाकात गेला की आधी आनंद होतो आणि लगेच पाठोपाठ भीती वाटते. इतकी वर्षं झाली तरी या दोन गोष्टी एकमेकींना सोडत नाहीत. दरवर्षी भात नवं असतं, पण माझ्या डोक्यात हंगाम एकच आहे: माझा थोरला भाऊ लंकेहून रजेवर आला तो. दादा पायदळात नाईक होता. त्या कापणीत मी जे पाहिलं आणि ऐकलं त्याचा धक्का अजून पुरता उतरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो उतरावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव पेणच्या खाडीकडच्या अंगाला. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून बाहेरून घातलेला मोठा बांध. आतले, शेताशेतांमधले लहान बांध म्हणजे आमचे रस्ते. शाळेला बांधावरून, गिरणीवर बांधावरून, सासरी जायचं तेही साडी वर खोचून बांधावरूनच. उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, स्वतःच्याही नाही आणि दुसऱ्याच्या तर नाहीच नाही. आमच्या वडिलांचा, आबांचा, हा एकच कायदा होता. बाकी त्यांचं कशात फारसं लक्ष नसे. परीक्षेत नापास झालं तर “पुढल्या टायमाला बघ” म्हणून मोकळे व्हायचे. पण कुणाचा पाय बांधावरून घसरून पिकात गेला की लांबून त्यांचा आवाज यायचा, “तुडवू नको रं! कुनाच्या तोंडचा घास हाय तो!” त्या आवाजाने बगळे उडायचे.

आमचा गणपती खाडीवर न्यायचा तोही बांधावरूनच. पुढे डोक्यावर गणपती, मागे ढोलकी, तिच्यामागे झांजा, त्यांच्यामागे आम्ही बायका, सगळे एकामागे एक. मिरवणूक म्हणायची ती, पण मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. एका वर्षी ढोलकीवाला रंगात आला, डोळे मिटून वाजवत होता, आणि ढोलकीसकट शेजारच्या नामाकाकांच्या भातात कोसळला. आबा ओरडले, “हलू नको! हाय तितंच रव्ह!” बिचारा चिखलात बसून राहिला. आबांनी बांधावर पालथं पडून त्याला काखेत हात घालून सरळ वर उचलला, का, तर त्याने पिकात दुसरं पाऊल टाकू नये. आम्ही हसून हसून बेजार. दादा तेव्हा नुकता भरती झालेला, रजेवर होता. तोही पोट धरून हसत होता. तो ‘हलू नको’ आता आठवला की मला हसू येत नाही.

दादाला फौजेची फार हौस. पहिल्या काही रजांमध्ये तो नुसता बोलायचा. एकदा कापणीच्या दिवसांत खळ्यावर बसला होता. आबांनी विचारलं, “तुज्या त्या पलटनीत मानसं तरी किती?” दादाने भाताचे भारे ओढून मांडायला सुरुवात केली. हा एक भारा म्हणजे सेक्शन, दहा माणसं. असे तीन मिळून प्लाटून. तीन प्लाटूनची कंपनी. चार कंपन्या लढणाऱ्या आणि एक मुख्यालयाची, म्हणजे झाली पलटण. तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. भारे संपले, मग पेंढ्याच्या काड्या घेतल्या, त्याही पुरेनात. आई म्हणाली, “आरं, झोडायचं हाय ते भात. तुजी फौज उचल आता.” आबा मात्र त्या मांडणीकडे बघत बसले होते. म्हणाले, “लावनीसारकंच हाय. रोपांचं आवन उपटनारं येगलं, वाहून नेनारं येगलं, लावनारं येगलं. आन जेवन घेऊन येनारी आली नाय तर समदे उपाशी.” दादा खूश झाला. “व्हय आबा. जेवन घेऊन येनारीच खरी.”

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात मी हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात हंगामाच्या कामाला जात होते. कारखाना म्हणजे एक लांबलचक पडवी. तिथेही सगळं वाटून दिलेलं. एकजण साच्यात ओतणारा, एकजण घासणारा, दोघी अंगाला रंग देणाऱ्या, मी पितांबराची सोनेरी किनार ओढणारी, आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारे मालक. डोळ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रंगाचे हात पुसत आम्ही रेडिओ ऐकायचो. त्यात बातमी आली की आपली फौज शांतता राखायला लंकेत उतरली. किनार ओढता ओढता माझा हात थबकला एवढंच. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, “लंका म्हंजे पोथीतलीच ना गो? तितं भाऊ जानार तुजा?” मग तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “शांतता राखायची तर येवडी मानसं कशाला लागतात?” आम्ही तिला हसलो. आबा दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारात चहा पिताना चारचौघांना डिव्हिजन म्हणजे किती ते सांगून आले. भाऱ्यांऐवजी त्यांनी बशा मांडल्या होत्या म्हणे.

एवढी मोठी फौज परक्या मुलखात कशी जाते, ते मला दादाने पुढे कैक वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आधी विमानं जातात. त्यांत पायदळ, पाठीवर मावेल तेवढं सामान आणि कोरडा शिधा. ते विमानतळ ताब्यात ठेवतात, म्हणजे पुढची विमानं उतरतील. मागून जहाजं येतात, त्यांत ट्रक, रणगाडे, तेलाची पिंपं, तंबू. मग रस्ते आणि पूल तपासणारे, तारा ओढणारे, जखमी उचलणारे, पोस्टवाले, न्हावी, चांभार, गाड्या दुरुस्त करणारे. बंदरावर मोठं कोठार, तिथून ब्रिगेडला, ब्रिगेडकडून पलटणीला, पलटणीकडून कंपनीला, आणि रस्ता धोक्याचा असेल तर हेलिकॉप्टरमधून पोती खाली. पुढे एकजण बंदूक घेऊन चालतो तेव्हा त्याच्यामागे पीठ, पाणी, दवा आणि घरची पत्रं घेऊन किती माणसं चालत असतात याची गणती नाही. “आख्खं शहर उचलून समुद्रापलीकडं मांडायचं,” दादा म्हणाला. “आन सकाली सात वाजता त्याला चहा पायजे.” हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. फौज या कारागिरीवर त्याचं प्रेम होतं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. त्याला जे झालं ते त्या सगळ्या पसाऱ्याच्या अगदी टोकावर झालं, जिथे ना विमान असतं ना जहाज. तिथे फक्त एका माणसाचा तळपाय असतो.

त्या वर्षी पत्रं येत होती. “मी खुशाल आहे, तुम्ही सर्व खुशाल असाल.” शांतता राखायला गेलेली फौज तिथल्या बंडखोरांशी लढते आहे, हे आम्हाला रेडिओने सांगितलं. आईने देवापुढचा दिवा विझू दिला नाही. पुढच्या वर्षीची कापणी आली आणि दादा रजेवर येतोय असं कळलं तेव्हा ती इतकी हलकी झाली की तिने शेजारणीशी असलेलं जुनं भांडणसुद्धा मिटवून टाकलं.

तो आला ती सकाळ. एसटीच्या थांब्यापासून आमच्या घरापर्यंत वाट म्हणजे नामाकाकांच्या शेताचा बांध, मग आमचा. नामाकाकांचं भात पिकून वाकलं होतं, दोन दिवसांत विळा लागणार होता. आम्ही सगळे आमच्या शेतात, आबा, मी, कापणीला आलेल्या बायका. आई दारात उभी, हातात ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लांबून दादा दिसला, डोक्यावर काळी ट्रंक. मी विळा हलवून हाक मारली. तो बांधाच्या तोंडाशी आला आणि उभा राहिला. आम्हाला वाटलं, दमला असेल. बराच वेळ तसाच उभा. मग त्याने बांध सोडला आणि नामाकाकांच्या पिकलेल्या भातात पाय घातला.

 तो बूट घालून, पाय उंच उचलत, ते पिवळंधमक पीक दाबत सरळ चालत आला. लोंब्या मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत ऐकू येत होता. बायकांनी विळे थांबवले.  आपल्या घरचा शहाणा माणूस भर बाजारात कपडे काढायला लागला तर कसं वाटेल, तसं मला वाटलं. त्याच्यामागे पिकात रस्ता पडत चालला होता. मग तो आमच्या शेतात शिरला, तेही तुडवलं, आणि घामाने थबथबलेला अंगणात जाऊन उभा राहिला. आईच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

आबा बांधावरून गेले. नेहमीसारखे, सावकाश. त्यांनी मुलाला काय विचारावं? एक वर्षाने आलेल्या, लढाईतून आलेल्या मुलाला? “बांध दिसला नाय तुला?” एवढंच. दादा म्हणाला, “दिसला.” नामाकाका धावत आले होते. “आंदला झालास काय रं? माजं वरसाचं भात!” आबांनी दादाला सांगितलं, घरात शिरायच्या आधी नामाच्या पाया पड. दादा पडला. आबांनी संध्याकाळी आमचे भारे स्वतः डोक्यावर घेऊन नामाकाकांच्या खळ्यावर टाकले. नामाकाका नको म्हणत होते तरी टाकले. घरी येऊन ते जेवले नाहीत.

पुढचे दिवस फार वाईट गेले. दादा अंगणाच्या बाहेर पाऊल टाकेना. भात डोळ्यांसमोर पिकून गळायला लागलं होतं, माणसं मिळत नव्हती, आणि हा धडधाकट गडी पडवीत बसून ट्रंकेची कडी उघडत होता, लावत होता. आम्ही बांधावरून ये-जा करायचो तेव्हा तो आमच्या पायांकडे बघायचा. मी एकदा धावत गेले तर एवढ्या जोराने ओरडला की माझ्या हातातून घागर पडली. गावात बोलणं सुरू झालं. फौजेची मस्ती चढलीय म्हणे. शेतकऱ्याचं पोर शेत विसरलं म्हणे. आबांना हे घरबसल्या ऐकू येत होतं. ते दादाशी बोलत नव्हते, आईकरवी बोलायचे. एके दिवशी आईला म्हणाले, “त्याला सांग, पुडली रजा दुसरीकडं काड. ज्याला पिकाची चाड नाय त्याचं ह्या घरात काम नाय.” दादा तिथेच बसला होता. त्याने ऐकलं. आईने माझा हात घट्ट धरला. रजा संपत आली होती, आणि हा असाच परत गेला तर आपला मुलगा पुन्हा या उंबऱ्यात येणार नाही, हे तिला आणि मलाही स्पष्ट दिसत होतं. आबा बोललेलं मोडत नसत आणि दादा आबांचाच मुलगा होता.

दिवेलागणीची वेळ. खळ्यावर भारे रचलेले होते, मी आणि आई सुपाने पाखडत होतो. आबा विळ्याला धार लावत होते. सुनावल्यासारखं म्हणाले, “येवडी सरकारनं विमानं दिली, जाजं दिली. चालाय नाय शिकवलं.” आणि दादा हसला. ते हसू ऐकून मी सूप खाली ठेवलं. तो उठला, खळ्यावर आला, आणि पूर्वीसारखे भारे ओढून मांडायला लागला. ही डिव्हिजन. ही ब्रिगेड. ही आमची पलटन. ही कंपनी. हा सेक्शन, माजा. मी सेक्शन कमांडर. मग त्याने त्या भाऱ्यातून एकच लोंबी ओढून काढली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली.

“ह्यो यल्लाप्पा,” म्हणाला. “बेळगावकडचा. लगीन ठरलेलं.”

आबांचा हात धारेवर थांबला.

“तिकडं आपल्यासारकंच हाय, आबा. खाडी, मिठागरं, माड, भात. फकस्त पीक उलट्या येलेला. आपल्याकडं थंडीत वालाच्या शेंगांच्या पोपट्या लागतात तवा तिकडं भात निसवतं. मना पयल्या दिवशी वाटलं, घरीच आलो. सकाली गस्तीला निगालो. गाव रिकामं. दोनी अंगाला भात उभं, कमरेएवडं. येक बांध. यल्लाप्पा पुडं होता. तो पिकात उतरला. बराबर उतरला होता, आबा, त्याला कुनीतरी शिकवलेलं असंल. मी मागनं आरडलो. तुडवू नको रं, कुनाच्या तोंडचा घास हाय तो. बांधावर ये.”

दादाने लोंबीवर बोट ठेवलं.

“तो आला ना बांधावर,” म्हणाला. “माजं ऐकून आला.”

आईने तोंडाला पदर लावला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“बांधात सुरुंग होता. दुसरीकडं कुटंच नाय, पिकात नाय, रस्त्याव नाय. बांधातच. ज्यानं ठेवला त्याला म्हाईत होतं, आबा. त्योबी शेतकऱ्याचाच असनार. त्याला म्हाईत होतं, आपन पिकात पाय टाकनार नाय.”

या वाक्यापाशी मी आजही अडते. शत्रू म्हटला की आपण कुणी वेगळाच, शिंगं असलेला प्राणी डोळ्यांपुढे आणतो. पण तो कुणीतरी बांधावर बसून विचार करत होता की चांगल्या घरचा माणूस कुठून चालेल. त्याने आमची लाज ओळखली होती. आमच्या वडिलांनी आम्हाला लहानपणापासून जे शिकवलं तेच त्यालाही कुणीतरी शिकवलं असणार, त्याशिवाय हे सुचत नाही. एवढी विमानं, जहाजं, नकाशे, तारा, पिठाची पोती, सगळी कारागिरी एका जागी येऊन ठेपली, आणि तिथे निकाल लावला तो पेणच्या खाडीकाठच्या खारपाटातल्या एका म्हाताऱ्याच्या ओरडण्याने. मला चीड येते. कुणाची, ते अजून नीट सांगता येत नाही.

 आबांनी ती लोंबी उचलली, तळहातावर धरली, मग विळा तिथेच टाकून आत गेले. आईने ताट वाढलं ते तसंच राहिलं.

सकाळी ते घरात नव्हते. मी घाबरून अंगणात आले, तर आमच्या सगळ्यात मोठ्या शेताच्या पार पलीकडच्या टोकाला उभे दिसले. त्या शेतातलं भात सगळ्यात चांगलं आलं होतं, आबांनी ते मुद्दाम शेवटी कापायला ठेवलं होतं. दादा पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. आबांनी तिथून घराकडे पाहिलं. मग बांधावरून खाली उतरले आणि पिकात शिरले.

अनवाणी. धोतर गुडघ्यापर्यंत. आयुष्यात ज्यांनी बकरी पिकात गेली तर तिला हाकलायलासुद्धा आत पाय टाकला नाही, ते आमचे आबा स्वतःच्या पिकलेल्या भातातून मधोमध, सरळ घराच्या दिशेने चालत येत होते. नुसते चालत नव्हते. पाऊल नीट रोवून, आजूबाजूच्या लोंब्या पायाने आडव्या करत, दाबत येत होते. मध्येच थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा चालायचे. पलीकडे नामाकाका तोंडावर हात ठेवून बघत होते. दादा आला त्या दिवशी मला लाज वाटली होती.  आज मी अंगणातच बसले आणि मोठ्याने रडायला लागले. आई मला गप्प करत नव्हती, कारण तीही रडत होती.

आबा अंगणाच्या कडेला आले. पोटऱ्यांना चिखल, धोतराच्या निऱ्यांत दाणे अडकलेले. दादाकडे बघून म्हणाले, “चल. वाट झाली.”

दादाने विळा घेतला आणि त्या वाटेने त्यांच्यामागे गेला. दुपारपर्यंत दोघे त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी कापत होते. कलत्या उन्हात नामाकाका आपला विळा घेऊन आले आणि तेही कापायला लागले. रजा संपल्यावर दादा त्याच वाटेने गेला. नामाकाकांनी आपल्या कापलेल्या शेतातून, खुंटांवरून, त्याची ट्रंक एसटीपर्यंत नेली. पुढची रजा त्याने घरीच काढली आणि त्यापुढच्याही.

दुसऱ्या वर्षी लावणीच्या वेळी आबांनी त्या शेतात मधोमध एक पट्टा मोकळा सोडला. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. लावणीच्या बायका म्हणाल्या, आबा, इथं राहिलं. आबा म्हणाले, राहू दे. त्यानंतर दरवर्षी तो सोडला. तेवढं भात कमी झालं, त्याचा शब्द त्यांनी कधी काढला नाही. ते गेल्यावर दादाने सोडला. आता त्या वाटेवर गवत माजतं, गावातल्या शेळ्या चरतात, शाळेची पोरं तिथूनच पळतात, आणि शेजारच्या गावचे लोक हसतात की जागेला एवढा भाव आलाय आणि हे वेडे मधली पट्टी पडीक ठेवतात.

या वर्षीही गेले होते. दादाचे केस पार पांढरे झालेत. कापणीला आता माणसं मिळत नाहीत, कापायचं यंत्र भाड्याने येतं, पण मोठ्या शेताची सुरुवात तो अजून हाताने करतो. सकाळी आम्ही अंगणात चहा घेत होतो. समोर पिवळं भात आणि मधून ती हिरवी पट्टी. काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं ते मी एकदम विचारून बसले.

“दादा, तिकडचं ते भात. मग कापलं कोनी?”

त्याने कप खाली ठेवला. 

“कोनी नाय गो,” म्हणाला. “गाव परत आलंच नाय. आमी तितनं हाललो तवा पिकून वाकलं होतं. उभ्या उभ्या गलून गेलं असंल.”

 ज्या घासासाठी यल्लाप्पाला बांधावर बोलावलं, तो कुणाच्याच तोंडात गेला नव्हता. दादा उठला, ओट्यावरचा विळा घेतला आणि आबांच्या वाटेने खाली उतरला. मी चपला काढल्या आणि त्याच्यामागे निघाले.